आघाड्याची मुळी आणि माझी दाढ

मी आयुष्यात एकदाच सलग पाच तास गप्प बसलो, आणि तेवढ्यात माझं सासर तुटायला आलं.

एरवी मी गप्प बसणाऱ्यांतला नाही. शाळेत विज्ञान शिकवायचो. घंटा झाल्यावरही माझा बेडूक अर्धाच फाडून झालेला असायचा आणि पोरं दप्तर भरून दाराकडे बघत बसायची. तर असा मी पाच तास गप्प होतो. घरचे लोक ही गोष्ट प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात रंगवून सांगतात आणि माझी बाजू तेवढी गाळतात. (माझी बाजू ऐकायला फार वेळ लागतो असं त्यांचं म्हणणं.) म्हणून आज लिहूनच टाकतो. आणि आधीच सांगून ठेवतो, माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. दाढ गेली तेव्हा म्हटलं नाही, आता काय म्हणतो!

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही शहराच्या कडेला नंदनवन नावाच्या वस्तीत राहायचो. तेव्हा तिथं घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त, आणि त्या प्लॉटांवर पावसाळा उतरला की आघाड्याचं राज्य. आघाडा तुम्ही पाहिलेलाच आहे. नावानं ओळखत नसाल तर पॅन्टीनं ओळखत असाल. कमरेएवढी काडी, शेंड्याला लांबट कणीस, त्याला खालच्या बाजूला वळलेली टोकदार फळं. शेजारून नुसतं गेलात तरी दहा-बारा फळं तुमच्यासोबत घरी येतात, चहासुद्धा न मागता मुक्काम करतात.

आमच्या सरूआत्याच्या मते जगातली निम्मी दुखणी आघाड्यानं बरी होतात आणि उरलेली निम्मी दुखणी नसून नखरे असतात. सरूआत्या ही माझ्या वडिलांची बहीण. तिनंच मला लहानाचं मोठं केलं. गांधीलमाशी चावली, चोळ आघाड्याचा पाला. दाढ ठणकली, चाव आघाड्याची काडी. खोकला झाला, आघाडा जाळून त्याची राख मधातून चाट. आघाड्याच्या बियांची खीर खाल्ली की माणसाला भूकच लागत नाही, असंही ती सांगायची. एकदा आमच्याकडे आठ दिवस राहायला आलेले पाहुणे तिसऱ्याच दिवशी "जेवण जात नाही बुवा" म्हणत परत गेले. त्या दिवशी खीर कशाची होती, हे आत्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दुसऱ्या बाजूला होते गुरुजी. गुरुजी म्हणजे माझे सासरे, कुहीकडच्या एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर. छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यांनी दोन गोष्टींशी दावा मांडलेला होता, एक अंधश्रद्धा आणि दुसरी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका. मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही, घर विचारलं नाही. एकच प्रश्न विचारला, "अंगात येणं म्हणजे काय?" मी चाळीस मिनिटं उत्तर दिलं. मज्जासंस्थेपासून सुरू केलं आणि मेंदूपर्यंत पोचायच्या आत पोहे थंड झाले. गुरुजी उठले आणि म्हणाले, "पोरगी दिली." सुमन दाराआडून ऐकत होती. ती पुढे मला म्हणाली, "मी तं झोपलीच होती उभ्या उभ्या."

तर अशा या दोन माणसांच्या मध्ये माझी पहिली बाळंतपणाची वेळ आली. (सुमनची आली असं म्हणायला हवं. पण भोगलं मीही.)

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण गुरुजींनीच सांगितलं, "शहरात मोठा सरकारी दवाखाना आहे. रीत कायले पाहाची?" सासूबाई पंधरा दिवस आधीच आमच्याकडे आल्या. एका दुपारी सुमनला कळा सुरू झाल्या. मी आणि सासूबाईंनी तिला दवाखान्यात नेऊन भरती केलं, सासूबाई तिथंच थांबल्या, मी गुरुजींना तार केली आणि घरी आलो. दारातच आत्या उभी.

"बाबू, आघाड्याची मुळी पायजे."

"कशाला?"

"बाईच्या केसात बांधली का अडलेली बाई सुटते. पोरगं झालं का लगेच सोडून फेकाची."

"आत्या, मी विज्ञान शिकवतो गं."

"मंग शिकव ना! नाही कोन म्हणते? पण मुळी पायजे."

"बरं, घरामागं आघाडाच आघाडा आहे. घे उपटून."

"घरामागचा नाही चालत. जिथं कोंबड्याची बांग आयकू येत नाही, तिथला पायजे."

"कोंबड्याचा काय संबंध?"

"तुह्या पुस्तकात नसन." आत्यानं माझ्या बी.एस्सी.चा निकाल लावला. "आज सांजच्याले जाऊन झाडाले सांगून याचं. हयद-तांदूय ठेवाचे अन् म्हणाचं, उद्या न्याले येतो. सकायी जाऊन अख्खी मुळी काढाची. घरून निंगाल्यापासून मुळी माह्या हातात देईस्तोर कोनासंग एक शब्द बोलाचा नाही. मांगं पाहाचं नाही. मुळी भुईले टेकवाची नाही. मी धा वाजता दवाखान्यात येतो."

"आत्या, आपण दीक्षा घेतली ना?"

"देव सोडले म्या दीक्षेच्या दिवशी. झाडानं काय घोडं मारलं?"

मी साफ नाही म्हणालो. वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणजे काय, हे मी तिला उंबरठ्यावर उभा राहून समजावू लागलो. आत्या तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. एवढंच म्हणाली, "तुह्या वक्ती तुही माय अडली होती, बाबू. मुळी आनाले कोनी नव्हतं."

पुढचं तिनं सांगितलं नाही. मला माहीत होतं. मी आईचा फोटोसुद्धा पाहिलेला नाही.

मी विचारलं, "खुरपी कुठं आहे?"

आता हसा. पण एक सांगा, तुमच्या बायकोला कळा सुरू आहेत आणि कुणी सांगितलं की डोक्यावर कढई घालून चौकात उभा राहा, तर तुम्ही आधी पुस्तक उघडाल की कढई शोधाल?

संध्याकाळी सायकल काढली आणि दिघोरीच्याही पुढे, उमरेड रोडवरच्या एका नाल्यापाशी गेलो. कोंबड्याची बांग ऐकू येते का, हे संध्याकाळी कसं ओळखायचं हा एक प्रश्नच होता. पण दूरवर घर दिसत नव्हतं. एक टवटवीत आघाडा निवडला. हळद-तांदूळ ठेवले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणालो, "उद्या न्यायला येतो. माझ्या बायकोसाठी."

मागून आवाज आला, "काय साहेब, झाडासंग बोलून राहिले?"

शेळ्या चारणारी एक बाई होती. मी म्हणालो, "नाही, मी वनस्पतिशास्त्र शिकवतो." ती म्हणाली, "अस्सं," आणि तिनं शेळ्या माझ्यापासून जरा लांब नेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो. तोंड मिटलेलं. शेजारच्यांनी "काय मास्तर, झाली का खुशखबर?" म्हणून विचारलं. मी हात हलवला. दूधवाल्यानं विचारलं. हात हलवला. नाल्यापाशी पोचेपर्यंत माझा हात सायकलच्या हँडलपेक्षा हवेतच जास्त होता. खुरपीनं मुळी काढायला घेतली. आघाड्याची मुळी ही दिसायला सुतासारखी आणि उपटायला सरकारी नोकरासारखी, जागा सोडत नाही. अर्धा तास उकिडवा बसून, चिखलात कोपरापर्यंत हात घालून, अखेर ती अख्खी बाहेर काढली. नाल्याच्या पाण्यात धुतली. वीतभर लांब, पांढरट. अंगावर हजारभर फळं चिकटलेली, शर्टाला, पॅन्टला, एक भुवईलासुद्धा. पण मुळी अख्खी होती!

सायकल रस्त्यावर आणली आणि पाहतो तर समोर कुहीहून आलेली एस.टी. टायर फुटून उभी. उतारू खाली उतरून मोकळे उभे. आणि त्यांच्यात पांढरं धोतर, काळा कोट, हातात छत्री असे गुरुजी!

"जय भीम, जवाईबापू! तुम्ही अथी?"

आता तुम्हीच सांगा. आमच्यात जय भीमला उत्तर न देणं म्हणजे काय असतं! मला हात तर जोडायलाच हवे होते. पण हातात मुळी. मुळी भुईला टेकवायची नाही, खिशात घातली तर मोडणार. मी ती दातात धरली, दोन्ही हात जोडले आणि कमरेत वाकलो.

गुरुजींनी मला खालून वर पाहिलं. "दातन करून राहिले काय? इतक्या दूर येऊन?"

मी मान डोलावली.

"सुमी कशी हाये?"

आता आली पंचाईत! सुमन दवाखान्यात भरती आहे, वरच्या मजल्यावर, हे मला सांगायचं होतं. मी गालाखाली हात ठेवून झोपल्याची खूण केली. मग बोट वर केलं.

गुरुजींच्या हातातली छत्री पडली.

माझ्या लक्षात आलं की मी काय सांगून बसलो! मी दोन्ही हात जोरजोरात हलवले, मान हलवली, आणि सगळं ठीक आहे हे दाखवायला तोंडभर हसलो. दातात मुळी, अंगभर काटे, आणि बायको 'वर' गेल्याचं सांगून हसणारा जावई! दोन उतारू गुरुजींना सावरायला धावले, एक माझ्याकडे मुठी आवळून आला.

अखेर मला सुचलं. एस.टी.च्या पाठीवर बोटभर धूळ होती. मी बोटानं लिहिलं, 'सुमन बरी आहे. दवाखान्यात आहे' गुरुजींनी वाचलं, मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "शेवटी पूर्णविराम द्या." मी पूर्णविराम दिला. मग त्यांनी विचारलं, "पण तोंडाले काय झालं?"

(लिहिणं म्हणजे बोलणं का, यावर आत्यानं काही सांगितलेलं नव्हतं. मी नियमाची फट बघून आत शिरलो होतो, आणि आत शिरल्यावर कळलं की पुढे भिंत आहे.) खरं काय लिहू? 'झाडाला काल आमंत्रण दिलं होतं, आज मुळी काढली, आत्याच्या हातात देईपर्यंत मौन आहे'? चाळीस मिनिटं मज्जासंस्था सांगून मिळवलेली बायको होती माझी! मी लिहिलं, 'दाढदुखी.'

पूर्णविरामासकट.

बाकी ज्या काही चुका झाल्या त्या परिस्थितीनं झाल्या, हा एक शब्द मात्र माझा.

एस.टी.चा टायर बदलायला तास लागणार होता. गुरुजी माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसले. मी दातात मुळी धरून पायडल मारतोय आणि मागून व्याख्यान सुरू. "जवाईबापू, तुमच्यासारख्या शिकल्या माणसानं दाढ दुखते म्हणून झाडपाला चावाचा? दवाखाना कायले बांधला सरकारनं? तुमची आत्याबाई सांगत असंल हे सगळं. मी बोलन तिच्याशी." मी मान डोलावत होतो. उत्तर देता येत नाही म्हटल्यावर माणूस किती वेळ बोलू शकतो, हे त्या दिवशी मला कळलं. माझ्या विद्यार्थ्यांची मनापासून कीव आली.

सक्करदऱ्याच्या चौकात शिपायानं शिट्टी मारली. तेव्हा सायकलवर डबल सीट म्हणजे गुन्हा होता.

"क्यों मास्टर, डबल सीट?"

मी गप्प.

"नाम बोलो!"

मी गप्प. तो जवळ आला. माझ्या तोंडातला आघाडा ओळखून त्याचा आवाजच बदलला. "अरे, ये तो चिरचिटे की जड़ है! बिच्छू काटा क्या?"

"दाढ दुखते त्यांची," गुरुजी म्हणाले. "बोलता येत नाही."

"दाढ?" शिपायाच्या डोळ्यांत एकदम आपुलकी आली. "मेरी भी थी. तीन महिने झाड़-पत्ती की, कुछ नहीं हुआ. उखाड़ दो मास्टर! जाओ, जाओ, जल्दी जाओ!"

गुरुजींना हे पटलं. पटलं म्हणजे काय, उरलेला सगळा रस्ता त्यांनी त्या शिपायाच्या वैज्ञानिक दृष्टिकोनाची तारीफ केली.

दवाखान्याच्या फाटकावर दरवान. "भेटाची वेळ अकराची हाये. आता कोणाले आत सोडत नाही." आत जायचा मार्ग एकच होता आणि तो गुरुजींनी काढला. "अरे, हे पेशंट हायेत! दाढ!" दरवानानं माझा चेहरा पाहिला, अंगावरचे काटे पाहिले, तोंडातली मुळी पाहिली आणि फाटक पूर्ण उघडलं.

वरच्या व्हरांड्यात सासूबाई भेटल्या. डोळे लाल. "रातभर कळा देऊन राहिली, पण पुढं सरकत नाही. डॉक्टरीणबाई म्हणते, थोडी वाट पाहू, नाही तं कापा लागंन."

मुळी तर तोंडातच होती. पण द्यायची आत्याच्याच हातात, आणि आत्या दहाला येणार. दहा वाजून गेले. आत्या नाही. (नंतर कळलं, ती बरोबर दहाला आली होती. फाटकाशी दरवानासंग भांडत होती. "माही सून वर अडली अन् तू मले खाली अडवतं काय रे!" असं तिचं चाललं होतं. तिला दाढ दुखते म्हणायचं सुचलं नाही. ती खोटं बोलत नसे.)

मी सासूबाईंना खूण करून मुळी दाखवायला गेलो तर गुरुजींनी दंड धरला. "चला. तिची काळजी डॉक्टर करतात. तुमची मी करतो."

दातांच्या खोलीत डॉक्टर तरुण होता. इतका तरुण, की खुर्चीवर कोण बसतंय याचा त्यालाच जास्त आनंद झाला.

"कोणती दाढ?"

मी जोरजोरात मान हलवली. कोणतीच नाही!

"घाबरतात," गुरुजी म्हणाले.

डॉक्टरनं मुळी तोंडातून काढली. "हे फेका." मी झडप घालून ती त्याच्या हातून घेतली, मुठीत घट्ट धरली आणि मूठ हवेत वर केली. भुईला टेकता कामा नये! डॉक्टर म्हणाला, "ठीक आहे, हात वर ठेवा. दुखलं तर खाली करा." आणि तो बारीक हातोडीसारख्या वस्तूनं एकेक दात ठोकू लागला. दुखतंय? नाही. दुखतंय? नाही. डावीकडच्या खालच्या दाढेवर आला तेव्हा त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यानं लोहार घण घालतो तशी घातली.

"आँऽऽ!"

"हीच!" डॉक्टर म्हणाला.

"हीच," गुरुजी म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, बोल की! दोन शब्द, 'दुखत नाही.' सगळे हेच म्हणतात. पण मी त्या खुर्चीवर बसून हिशेब केला. एका बाजूला माझी दाढ, बत्तीस दातांतली एक. दुसऱ्या बाजूला सुमन, एकच. वरच्या मजल्यावर ती अडलेली. आणि माझ्या जन्माच्या वेळी मुळी आणायला कुणी नव्हतं. विज्ञान म्हणत होतं, बोल. मी तोंड उघडलं.

उघडलं ते डॉक्टरला दाढ काढता यावी म्हणून.

सुई टोचली, जबडा बधिर झाला. पण ती दाढ ठणठणीत. निघायला तयारच नाही! डॉक्टर ओढतोय, कंपाउंडर माझं डोकं धरतोय, गुरुजी पाय धरतायत, आणि माझी एक मूठ छताकडे. पाऊण तास झटापट. शेवटी 'कट्ट' आवाज आला आणि डॉक्टर दाढेसकट मागच्या कपाटावर आदळला. त्यानं ती दाढ उजेडात धरून पाहिली, उलटून पाहिली आणि जरा वेळानं म्हणाला, "किडलेली तर दिसत नाही."

"आतून असंल," गुरुजी म्हणाले.

तोंडात कापसाचा बोळा कोंबला गेला. "अर्धा तास तोंड उघडायचं नाही. संध्याकाळपर्यंत खायचं नाही." तेवढ्यात सासूबाई धापा टाकत दारात. "झाली! झाली बाळंत! आत्ताच. एकदम सुटली! मुलगी झाली!"

दाढ निघाली आणि मुलगी झाली, या दोन घटना एकाच मिनिटात घडल्या. योगायोग म्हणा. मीही वर्गात तसंच म्हणेन. पण मूठ माझी वर होती, तुमची नव्हती.

धावत वर गेलो. नर्सनं गुंडाळलेलं बाळ समोर धरलं. "मुलगी आहे." मला इतका आनंद झाला की डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पण डावा जबडा बधिर होऊन खाली लोंबत होता, ओठ एका बाजूला गेलेला, गाल सुजलेला, आणि तोंडातून आवाज नाही. मी माझ्या मते हसलो.

नर्स म्हणाली, "मुलगी झाली तं असं तोंड पाडून रडता काहून? शिकलेले दिसता!"

मी आत बघितलं. खाटेवर सुमन होती. रात्रभर कळा देऊन पांढरीफटक पडलेली. ती माझ्याकडेच बघत होती. नर्सचं बोलणं तिनं ऐकलं होतं.

"काही बोला ना," ती म्हणाली.

मी उभा.

"मुलगा पायजे होता का तुमाले?"

मी मान हलवली. पण बधिर जबड्यासकट मान हलवली की ती कुठल्या दिशेला हलते ते आपल्यालाच कळत नाही. सुमननं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मागे गुरुजी उभे होते. आजवर मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला होता, त्या दिवशी तो उतरलेला ऐकला. "मी पगार नाही पाह्यला, घर नाही पाह्यलं," ते म्हणाले. "माणूस पाह्यला होता. चूक माही झाली. पंधरा दिवसांनी पोरीले मी घरी नेतो."

आत्याचा अजून पत्ता नव्हता. मुळी मुठीत. आत्याच्या हातात देईपर्यंत बोलायचं नाही. बोललो आणि सुमनला काही झालं तर? आणि नाही बोललो तर सुमन भिंतीकडेच बघत राहणार, आजच नव्हे, जन्मभर. मी एक मिनिट उभा राहिलो. ते मिनिट त्या पाऊण तासापेक्षा मोठं होतं.

मग मी बोळा काढला.

"दाढ दुखत नव्हती!" मी ओरडलो. शर्टावर रक्त सांडलं, नर्स किंचाळली. "कधीच दुखत नव्हती! ही आघाड्याची मुळी आहे! तुझ्यासाठी आणली! आत्याच्या हातात देईपर्यंत बोलायचं नव्हतं म्हणून बोललो नाही! मुलगी पाहिजे होती मला! मुलगीच! आणि गुरुजी, मला माहीत आहे की हे अवैज्ञानिक आहे, पण परत वेळ आली तर परत आणीन!"

वॉर्डातल्या अकरा बाळंतिणी एकदम उठून बसल्या आणि अकरा बाळं जागी झाली.

सुमननं हळूच तोंड फिरवलं. "चांगली दाढ काढून घेतली?"

"हो."

"अन् बोलले नाही?"

"तुला काही झालं असतं तर?"

तिला हसू फुटलं. हसताना दुखत होतं म्हणून ती पोट धरून "नका ना, हसवू नका ना" म्हणत होती आणि हसतच होती, आणि डोळ्यांतून पाणी. मग हात पुढे करून तिनं माझ्या भुवईवरचं आघाड्याचं फळ काढलं.

गुरुजींनी छत्री भिंतीला टेकवली. "म्हणजे," ते म्हणाले, "दाढ दुखते याला पुरावा काय होता?"

"मी लिहिलं होतं."

"धुळीत."

"धुळीत."

"अन् मी त्यावर विश्वास ठेवला." ते खुर्चीवर बसले. (पुढे अंधश्रद्धेवर बोलताना त्यांनी माझं उदाहरण नेहमी दिलं. मी प्रत्येक वेळी उठून विचारलं, गुरुजी, न तपासता धुळीवर विश्वास ठेवून ठणठणीत दाढ उपटून घेणं, यात अंधश्रद्धा नेमकी कोणाची? त्यावर ते म्हणत, "वेळ संपली.")

अकरा वाजले, फाटक उघडलं आणि आत्या आली. तिनं मुळी हातात घेतली, बाळ बघितलं, मग माझं तोंड बघितलं. सगळं ऐकून म्हणाली, "केसात नाही बांधली तरी सुटली ना? तू धरून होता ना? मंग!" गुरुजींकडे बघून म्हणाली, "मुळी चांगली होती." गुरुजींनी पहिल्यांदाच तिच्याशी वाद घातला नाही. ते खाली गेले आणि मिठाई घेऊन आले. पेढे! सासूबाई म्हणाल्या, "अवो, मुलगी झाली तं बर्फी वाटतात." गुरुजी म्हणाले, "पोराले पेढा अन् पोरीले बर्फी, हे कोणत्या शास्त्रात लिहिलं? पेढे वाटा." सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले. माझ्या हातातही एक ठेवला.

"संध्याकाळपर्यंत खायचं नाही!" नर्स ओरडली.

"माझी मुलगी आहे!" मी म्हणालो. सकाळपासून सगळ्यांचं ऐकलं होतं, झाडाचं, आत्याचं, शिपायाचं, डॉक्टरचं. आता नाही! एका हातात पेढा, दुसऱ्या हातात तो काढलेला बोळा. सगळ्यांच्या देखत मी बोळा शर्टाच्या खिशात कोंबला, तो पेढा बधिर तोंडात टाकला आणि मान वर करून गिळला. "गोड आहे!" मी जाहीर केलं.

तासाभरानं डॉक्टर बोळा बदलायला आला. बोळा कुठंच सापडला नाही. पेढा मात्र दुसऱ्या दिवशी सासूबाईंना माझा रक्ताचा शर्ट धुताना खिशात सापडला.

तरी माझं म्हणणं कायम आहे. गोड होता.